सर्पगंधा : मुळीपासून गोळीपर्यंत

मागील पालक मेळाव्याच्या दिवशी आपल्या विद्यालयात रक्तदाब तपासणीची सोय केली होती. मुलांना भेटायला आलेले आईवडील रांगेत बसले होते. तपासणी करणाऱ्या परिचारिकेने एका पालकांना विचारले, "गोळी सुरू आहे ना?" ते म्हणाले, "गोळी सोडली, बाई. आता पुडी घेतो. झाडपाल्याचं औषध हाय, त्यानं काय होते?" रांगेतल्या तीन-चार जणांनी माना डोलावल्या. मी जवळच उभा होतो आणि मला माझे थोरले बंधू आठवले.

सहा वर्षांपूर्वी त्यांनीही अशीच गोळी सोडली होती. बाजाराच्या दिवशी गावात येणाऱ्या एका विक्रेत्याने त्यांना तपकिरी रंगाची पुडी दिली आणि ही घेतली की गोळीची गरज उरत नाही, असे सांगितले. मी विरोध केला तेव्हा ते मला म्हणाले, "अरे, गोळी त जन्मभराची हाय. पुडी झाडाची हाय." चार महिन्यांनी एका पहाटे त्यांचा उजवा हात उचलेना आणि जीभ जड झाली. रुग्णालयात नेले तेव्हा वरचा रक्तदाब २१० होता. ते वाचले, पण ज्या हाताने त्यांनी मला पाटीवर 'अ' गिरवायला शिकवले आणि पुढे वसतिगृहाच्या प्रवेशअर्जावर वडिलांच्या जागी सही केली, तो हात आता पेन धरू शकत नाही. त्या पुडीत काय होते, हे आम्हाला कधीच कळले नाही. विक्रेताही पुन्हा दिसला नाही.

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा शिक्षक आहे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी एक प्रश्न विचारायला शिकतो : हे कशावरून? स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा हाच प्रश्न घेऊन एका वनस्पतीची कथा सांगावी असे मी ठरवले. झाडातून रक्तदाबाचे औषध मिळते का? मिळते, आणि त्या शोधाचा एक फार महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईत पार पडला आहे. मात्र मुळी आणि गोळी यांच्यामध्ये किती वर्षांची, किती माणसांची आणि किती मुक्या जिवांची वाटचाल आहे, हे समजून घेतल्याशिवाय त्या उत्तराचा अर्थ लागत नाही.

रक्ताचा दाब म्हणजे काय?

शेतात ठिबकची नळी टाकणाऱ्या आपल्या पालकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. पंप पाणी ढकलतो आणि नळीच्या भिंतीवर दाब पडतो. नळी पुढे अरुंद झाली की तोच पंप अधिक जोर लावतो आणि नळीवरचा ताण वाढतो. शरीरात हृदय हा पंप आहे आणि धमन्या या नळ्या. धमन्यांच्या शेवटच्या बारीक फांद्यांच्या भिंतींत स्नायू असतात. हे स्नायू आवळले की वाट अरुंद होते, सैलावले की रुंद होते. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा आणि दोन ठोक्यांच्या मधला खालचा आकडा, असे दोन आकडे डॉक्टर लिहितात. निरोगी प्रौढ माणसात ते १२०/८० च्या आसपास असतात. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा वारंवार आढळला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

या विकाराची मोठी अडचण अशी की तो बहुधा दुखत नाही. माणूस शेतात जातो, लग्नात जेवतो, रात्री शांत झोपतो, आणि आत मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या व डोळ्यांच्या नाजूक रक्तवाहिन्या झिजत राहतात. त्यामुळेच गोळी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही, आणि "मला तर बरे वाटते" हा पुरावा येथे निरुपयोगी ठरतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विकारावर खात्रीचे औषध जवळजवळ नव्हतेच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढत होता. जगातील उत्तमोत्तम डॉक्टर दिमतीला असूनही १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह व संधिवाताबरोबर उच्च रक्तदाबाचाही त्रास होता, हे आपण जाणतोच. ज्या काळात त्यांचे शरीर थकत होते, त्याच काळात या विकारावरील औषधांचा शोध वेग घेत होता. ही कथा त्या काळातील आहे.

मुळी आणि तिच्यातील द्रव्ये

सर्पगंधा हे कमरेपेक्षाही कमी उंचीचे झुडूप आहे. त्याचे कूळ कण्हेर आणि सदाफुलीचे. पांढरी-गुलाबी फुले, पिकल्यावर काळी होणारी छोटी फळे आणि जमिनीत वाकडेतिकडे, अतिशय कडू मूळ. हे मूळ झोप येण्यासाठी, वेडाच्या झटक्यावर आणि सर्पदंशावर वापरण्याची रीत भारतात जुनी आहे. बिहारकडे तर ते वेडाचे औषध म्हणूनच ओळखले जात असे. ही माहिती ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली ते वैदू, हकीम, आदिवासी स्त्री-पुरुष इतिहासात निनावी राहिले. आपल्या समाजाला या निनावीपणाचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही. त्यांचे ऋण मान्य करूनच पुढे जायला हवे.

परंतु परंपरेने जे सांगितले त्यात खरे आणि खोटे मिसळलेले होते. सर्पदंशावर हे मूळ उपयोगी असल्याचे सिद्ध झाले नाही. झोप आणि शांतता आणणारा गुण मात्र खरा निघाला, आणि रक्तदाब कमी करणारा गुण तपासणीतून स्पष्ट होत गेला. खऱ्या-खोट्याची ही निवड श्रद्धेने झाली नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागली.

१९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयातील रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळातून अल्कलॉइड प्रकारची पाच द्रव्ये वेगळी केली. त्यांतील एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर या मुळाचा गुण येतो, असे प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये कलकत्त्यातच रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळातील अल्कलॉइड प्राण्यांना टोचून रक्तदाब उतरतो हे नोंदवले.

गंमत अशी की सर्वांत प्रभावी द्रव्य त्या पाच स्फटिकी द्रव्यांत नव्हतेच. ते राळेसारख्या चिकट भागात दडलेले होते. तेथून ते शुद्ध स्वरूपात बाहेर काढायला १९५२ साल उजाडले. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरातील सीबा कंपनीच्या योहानेस म्युलर, एमिल श्लिटलर आणि हुगो बाइन यांनी ते वेगळे केले आणि त्याचे नाव ठेवले 'रेसर्पीन'. एक किलो वाळलेल्या मुळात ते साधारण एक ग्रॅमच्या आसपास असते. हे प्रमाण जमीन, ऋतू आणि झाडाचे वय यांप्रमाणे बदलते. पुढे १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वर्षीच, अमेरिकेतील रॉबर्ट वुडवर्ड यांनी हे गुंतागुंतीचे द्रव्य झाडाविना, प्रयोगशाळेत संपूर्णपणे तयार करून दाखवले.

प्राण्यांच्या शरीरात काय दिसले?

रक्तदाब मोजण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोगही प्राण्यावरच झाला होता. इंग्लंडचे स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्त किती उंच चढते ते पाहिले आणि ते १७३३ साली प्रसिद्ध केले. रक्त आठ फुटांहून अधिक चढले होते. विसाव्या शतकातील प्रयोगशाळेत भूल दिलेल्या मांजराच्या किंवा कुत्र्याच्या धमनीला जोडलेली नळी फिरत्या, काजळी धरलेल्या पिंपावर रेघ उमटवत असे. औषध टोचले की ती रेघ किती उतरते, किती वेळात उतरते आणि किती काळ खाली राहते, हे पाहायचे.

रेसर्पीनची रेघ इतर औषधांपेक्षा वेगळी होती. टोचल्याबरोबर ती कोसळली नाही. बराच वेळ गेल्यावर दाब हळूहळू उतरू लागला आणि मग दीर्घकाळ खालीच राहिला. हृदयाचे ठोकेही मंदावले. जागे असलेले प्राणी शांत, सुस्त झाले. हा उशीर का? याच प्रश्नातून औषधाच्या कार्याचे कोडे सुटत गेले.

मेंदूकडून रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची एक यंत्रणा आहे. भीती, राग, धावपळ यांच्या वेळी ती शरीराला सज्ज करते. या तंतूंच्या टोकापासून 'नॉरअ‍ॅड्रेनलीन' नावाचे द्रव्य सुटते. ते धमनीच्या स्नायूला 'आवळ' असा निरोप देते आणि दाब वाढतो. हा निरोप ऐन वेळी तयार करून भागत नाही. म्हणून तंतूच्या टोकाशी सूक्ष्म थैल्यांमध्ये त्याचा साठा भरून ठेवलेला असतो.

आपल्या जिल्ह्यातील एखाद्या जिनिंगचे गोदाम डोळ्यांपुढे आणा. अंगणात कापूस येतो, हमाल तो उचलून आत रचतात, आणि मागणी आली की दार उघडून माल बाहेर जातो. तंतूच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनलीन आत वाहून नेणारे असेच एक प्रथिन असते. रेसर्पीन नेमके या हमालाचेच हात धरून ठेवते, आणि पकड इतकी घट्ट की ती सहसा सुटत नाही. अंगणात पडून राहिलेला माल तेथील विकर नष्ट करून टाकते. आतला साठा मात्र लगेच संपत नाही. तो झिरपत, खर्च होत जातो. दाब सावकाश का उतरला, याचे उत्तर येथे आहे. गोदाम रिकामे झाल्यावर मेंदूने कितीही हाका मारल्या तरी पाठवायला काही उरत नाही. धमन्या सैलावतात, वाट रुंद होते, दाब उतरतो. नव्या थैल्या पेशीच्या मुख्य भागातून तयार होऊन येईपर्यंत ही स्थिती टिकते. म्हणून औषध बंद केल्यावरही त्याचा परिणाम कित्येक दिवस रेंगाळतो.

हे सारे नुसते अनुमान नव्हे. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत रेसर्पीन दिलेल्या सशांच्या मेंदूतील 'सेरोटोनिन' हे द्रव्य जवळजवळ नाहीसे झाल्याचे मोजून दाखवले गेले. लवकरच स्वीडनमधील आर्विद कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉरअ‍ॅड्रेनलीनचा साठाही असाच रिता होतो हे सिद्ध केले. १९५८ साली ऑक्सफर्डच्या बर्न आणि रँड यांनी रेसर्पीन दिलेल्या मांजरांवर एक सुंदर पडताळा घेतला. साठ्यातील नॉरअ‍ॅड्रेनलीन बाहेर ढकलून दाब वाढवणारे टायरामीन त्यांनी टोचले, तर दाब वाढेना. नॉरअ‍ॅड्रेनलीन बाहेरून दिले तर मात्र धमन्या आवळल्या. म्हणजे धमन्या शाबूत होत्या, रिकामे होते ते गोदाम. बाहेरून दिलेल्या मालाने ते काहीसे भरल्यावर टायरामीनही पुन्हा काम करू लागले.

कार्लसन यांचा १९५७ चा प्रयोगही येथे सांगितला पाहिजे. रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना त्यांनी एल-डोपा हे द्रव्य दिले आणि ते ससे थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले. त्यातून मेंदूतील डोपामीनचे महत्त्व उमगले आणि कंपवाताच्या उपचाराची दिशा सापडली. या संशोधनाबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. रक्तदाबाच्या मुळीने मेंदूच्या विज्ञानाचे दार उघडले, ते असे.

मुंबईचे डॉ. वकील

आता थोडे मागे, १९४९ सालात येऊ. शुद्ध रेसर्पीन हाती यायला अजून तीन वर्षे होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी निगडित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या दिल्या, रक्तदाबाच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि बहुतेकांचा दाब उतरल्याचे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. भारतातील डॉक्टर हे मूळ आधीपासून वापरत होते. डॉ. वकिलांनी त्या अनुभवाला आकड्यांची शिस्त दिली आणि जगाला तो तपासून पाहता येईल अशा भाषेत लिहिला. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी त्याची दखल घेऊन हे औषध आपल्या रुग्णांवर वापरले आणि ते अमेरिकेत पोहोचले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ साली पद्मभूषण मिळाले.

रक्तदाबाचा आकडा उतरला, पण त्याने जीव वाचतो का? हा प्रश्न आणखी पुढचा होता. त्याचे ठोस उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिले. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला रेसर्पीनसह तीन औषधे आणि दुसऱ्याला हुबेहूब दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. औषध न मिळालेल्या गटात २७ जणांना गंभीर आघात झाले, औषध मिळालेल्या गटात केवळ दोघांना. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. माझे बंधू कोणत्या गटात होते, हे मला ठाऊक होते. आणि त्या दुसऱ्या गटात त्यांना कोणत्याही शास्त्रज्ञाने घातले नव्हते.

नाण्याची दुसरी बाजू

ही कथा येथे संपवली तर ती अर्धसत्य ठरेल. जे द्रव्य धमन्यांच्या टोकाशी साठा रिता करते, तेच मेंदूतही करते. मोठ्या मात्रेत रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासीनता आली. नाक चोंदणे, सुस्ती, पोटातील व्रण अशा तक्रारीही दिसल्या. मात्रा कमी ठेवल्यावर त्रास घटला. आधुनिक वापरात दिवसाची मात्रा पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असते. तुलनेसाठी पाहा : ब्रॉडी यांच्या सशांना दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम दिले होते. ५० किलोच्या माणसाला त्या हिशेबाने २५० मिलिग्रॅम लागतील, म्हणजे औषधाच्या मात्रेच्या हजारपट. प्राण्यावरील निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, तो यामुळेही.

पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि रेसर्पीन मागे पडले. पाव मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या दोन-चार कणांएवढे. एका झाडाच्या मुळात ते जास्त, दुसऱ्याच्या मुळात कमी. मग चमच्याने मोजलेल्या चूर्णात किती गेले हे कोण सांगणार? गोळीचे मोल या मोजमापात आहे. सर्पगंधेचे मूळ मनाने उकळून घेणे म्हणूनच धोक्याचे आहे. आणि अतितोडीमुळे हे झाड रानात इतके विरळ झाले आहे की त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

मुलुंडची दुसरी मुळी

प्रत्येक मुळीची गोळी होतेच असे नाही. याचे उदाहरणही मुंबईतलेच आहे. माईनमुळा या नावाने काही भागांत लोणच्यात घालतात त्या कोलियस वनस्पतीचे कूळ तुळशीचे. मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या मुळातून 'फोर्स्कोलिन' हे द्रव्य मिळवून १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच वनस्पतीवर काम सुरू होते. तेथे या द्रव्याला 'कोलिओनॉल' म्हटले गेले.

प्राण्यांमध्ये फोर्स्कोलिननेही रक्तदाब उतरवला, पण निराळ्या वाटेने. ते गोदामाला हातच लावत नाही. १९८१ साली अमेरिकेतील सीमन, पॅजेट आणि डॅली यांनी दाखवले की ते पेशीतील एका विकराला थेट जागे करते. त्यामुळे पेशीत 'सायक्लिक एएमपी' हे द्रव्य वाढते, धमनीचा स्नायू सैलावतो आणि हृदयाचे आकुंचन अधिक जोरकस होते. कागदावर हे आदर्श औषध वाटावे. परंतु ते पाण्यात नीट विरघळत नाही, परिणाम फार काळ टिकत नाही, आणि ज्या विकराला ते जागे करते तो शरीरात जवळजवळ सर्वत्र असतो. रक्तदाबाची रोजची गोळी काही त्यातून झाली नाही. त्याचे पाण्यात विरघळणारे रूप जपानमध्ये हृदयविकाराच्या तातडीच्या उपचारासाठी इंजेक्शन म्हणून मान्य झाले, आणि मूळ द्रव्य जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनाचे साधन बनले. "उंदरांचा रक्तदाब उतरला" ही बातमी वाचून पुडी विकत घेणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

मुके जीव आणि आपले शील

नववीच्या वर्गात ही कथा सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, आपण रोज सकाळी पाणातिपाता वेरमणी म्हणतो. मग त्या सशांचं काय?" वर्ग शांत झाला. मीही थांबलो, कारण हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता.

मी तिला जे सांगितले ते येथे लिहितो. त्या प्राण्यांना वेदना झाल्या, अनेकांचे प्राण गेले. हे लपवून विज्ञानाचे गुणगान करणे हा खोटेपणा होईल. त्याच प्रयोगांमुळे वाचलेल्या माणसांचे जीवही तितकेच खरे आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरण्याचे ओझे आपण उचलले पाहिजे. जगानेही हे हळूहळू ओळखले. १९५९ साली इंग्लंडमधील रसेल आणि बर्च यांनी तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवा आणि वेदना कमीत कमी होऊ द्या. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अशा प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद आहे, आणि १९९८ च्या नियमांनी प्रयोगशाळांवर अधिक बंधने घातली. शील म्हणजे केवळ सकाळचे उच्चारण नव्हे. अनावश्यक हिंसा कोठे थांबवता येईल, हे रोज शोधत राहणे म्हणजे शील. आणि ज्या ज्ञानासाठी एवढी किंमत मोजली गेली, ते ज्ञान हाती असूनही गोळी फेकून देणे, हा त्या जिवांचाही अनादरच आहे.

जीवकाची परीक्षा

तक्षशिलेत सात वर्षे शिकलेल्या जीवकाची कथा आपल्याला परिचित आहे. गुरूंनी सांगितले, योजनभर परिसरात फिरून जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. या कथेचा आधार घेऊन 'झाडपाल्याने काय होते' असे म्हणणारे एक विसरतात. प्रत्येक वनस्पतीत सामर्थ्य आहे, म्हणूनच ती ओळखायला जीवकाला सात वर्षे लागली. ज्यात गुण करण्याचे बळ आहे, त्यात अपाय करण्याचेही बळ असते.

तथागतांनी कालामांना सांगितलेही हेच : ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश पुडीवाल्याला जसा लागू होतो तसा औषधकंपनीलाही लागू होतो. डॉक्टरांना प्रश्न विचारा : ही गोळी कशाची, किती दिवस, त्रास झाला तर काय करू? पण प्रश्न विचारणे आणि मनाने गोळी सोडणे यांत फरक आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यासाठी हे अवघडही नाही. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत वर्धा होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते आणि गोळीही मिळते. मुलांना भेटायला येणाऱ्या प्रत्येक पालकाने येताना आपला शेवटचा आकडा लिहून आणावा, अशी माझी विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांनी गावी गेल्यावर आईवडिलांच्या गोळ्यांचे पाकीट एकदा पाहावे. किती गोळ्या शिल्लक आहेत, यावरून पुष्कळ कळते.

मेळाव्यातील ते पालक दुपारी मला पुन्हा भेटले. मी त्यांना प्रवचन दिले नाही, बंधूंची हकिगत सांगितली. त्यांनी खिशातली पुडी काढून माझ्या हातात ठेवली आणि विचारले, "मास्तर, यात काय हाय ते कळंल का?" मी म्हणालो, "मला माहीत नाही. तुम्हाला देणाऱ्यालाही माहीत नसेल." ते दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात गेले.

माझे बंधू आता डाव्या हाताने एका वहीत रोज गोळी घेतल्याची खूण करतात. अक्षर वेडेवाकडे येते. महिन्याच्या शेवटी ते ती वही माझ्यापुढे ठेवतात आणि मी तपासतो, जशी त्यांनी एके काळी माझी पाटी तपासली होती.

जय भीम. नमो बुद्धाय.